कार्बोरेटर निर्दोष आहे



पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. ज्यांच्या घरी कधी अँबेसेडर, फियाट किंवा पेट्रोलवर चालणारी जीप होती, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचावी.

गेल्या महिन्यात इथे धारच्या एका वाड्यापुढे उभ्या असलेल्या अँबेसेडरचा फोटो आला होता. बॉनेटवर झेंडूचा हार, ड्रायव्हरच्या जागी आजोबा, मागच्या खिडकीतून चार-पाच पोरांची डोकी. दसऱ्याचा असावा. खाली ‘किती छान’, ‘गेले ते दिवस’ यांची रांग लागली. मीही बदाम टाकला. मग सहज विचारलं, गाडी आता कुठे असते? उत्तर आलं, ‘काका, ती केव्हाच दिली भंगारात. कार्बोरेटर सेटच होत नव्हता. शेवटी मेकॅनिक म्हणाला, इंजिनच गेलं.’

हे वाक्य मी धार, देवास, इंदूर, महू इथल्या इतक्या मराठी घरांतून ऐकलंय की आता पुढचं मीच बोलून दाखवू शकतो. आधी कार्बोरेटर साफ केला. मग कार्बोरेटर बदलला. मग रिंगा टाकल्या. मग हाफ इंजिन केलं. तरी मिसिंग काही जाईना. मग विकली.

माझं मत स्पष्ट आहे आणि काहींना ते टोचेल. यातल्या बऱ्याच गाड्यांचं इंजिन गेलेलं नव्हतं. कार्बोरेटर तर बिचारा निर्दोष होता. गेलेला होता डिस्ट्रिब्युटरमधला बोटाच्या पेराएवढा एक बुश, आणि तो बदलायला जी सबुरी लागते ती आपल्यापैकी कुणाकडे नव्हती. माझ्याकडेही नव्हती. ते पुढे येईलच.

ज्यांनी कधी बॉनेट उघडलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. जुन्या पेट्रोल इंजिनाच्या कडेला एक काळी टोपी असते आणि तिच्यातून पाच जाड वायरी निघतात, खेकडा उताणा पडल्यासारख्या. मधली वायर कॉईलकडून येते, बाकीच्या चार एकेका प्लगकडे जातात. टोपीखाली रोटर गरगर फिरत असतो. त्याला पंगतीतला वाढपी समजा. कॉईलने जे दिलं ते चार पानांवर वाढत जायचं. पंगत एक, दोन, तीन, चार अशी बसलेली असते, हा मात्र एक, तीन, चार, दोन या क्रमाने वाढतो. अँबेसेडर घ्या नाहीतर फियाट, दोन्हींचा क्रम हाच.

वाढपी नुसता फिरून उपयोग नाही, वेळेवर पोचायला हवा. ते काम रोटरखालचे सीबी पॉईंट करतात. शाफ्टवर चार कोपऱ्यांचा कॅम असतो, तो फिरताना पॉईंट उघडतो नि मिटतो. पॉईंट मिटलेला असताना कॉईलमधून बॅटरीचा बारा व्होल्टचा करंट जात असतो. तो उघडला की करंट एकदम तुटतो आणि त्या तुटण्यातून काही हजार व्होल्टचा झटका तयार होतो. ठिणगी पडते ती पॉईंट उघडतानाच. लुकास-टीव्हीएसच्या ज्या डिस्ट्रिब्युटरवर आपल्या अँबेसेडर चालल्या, त्यात या उघड्या पॉईंटमधलं अंतर ठेवायचं चौदा ते सोळा थाऊ, म्हणजे साधारण ०.३५ ते ०.४ मिलिमीटर. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर डिस्ट्रिब्युटर त्याच्या निम्मे, १,५०० घेतो. एका फेऱ्यात चार ठिणग्या. मिनिटाला ६,००० झाल्या, सेकंदाला शंभर. आणि प्रत्येक ठिणगी आपल्या ठरलेल्या अंशावर पडायला हवी.

आता हा शाफ्ट ज्या बुशात फिरतो तो झिजला की काय होतं? शाफ्ट डुलायला लागतो. अगदी थोडाच, डोळ्याला दिसणारही नाही. पण जिथे सगळा हिशेबच ०.४ मिलिमीटरचा आहे, तिथे दशांश मिलिमीटरचं डुलणं म्हणजे पाव हिस्सा गेला. कॅमच्या एका कोपऱ्यावर पॉईंट जास्त उघडतो, दुसऱ्यावर कमी. एका सिलिंडरला ठिणगी लवकर, दुसऱ्याला उशिरा. शिवाय डिस्ट्रिब्युटरमध्ये एका अंशाची चूक झाली की इंजिनाच्या क्रँकवर ती दोन अंशांची होते. वाढपी झिंगलेला असेल तर आचाऱ्याने स्वयंपाक कितीही चांगला करावा, पंगतीत आरडाओरडा होणारच.

गंमत अशी की हा आरडाओरडा हुबेहूब कार्बोरेटरच्या आजारासारखा ऐकू येतो. गाडी उभ्या जागी थरथरते, पिकअप मेलेलं असतं, सायलेन्सरमधून फटफट आवाज, न जळलेल्या पेट्रोलचा वास, काळे पडलेले प्लग. पीयूसीवाला नळी घालतो नि मान हलवतो. मेकॅनिक स्क्रू-ड्रायव्हर काढतो आणि कार्बोरेटरकडे वळतो, कारण त्याचे स्क्रू बाहेर आहेत. तेवढाच त्या बापड्याचा गुन्हा. स्क्रू पाव फेरा फिरवला की इंजिनाचा आवाज बदलतो, गिऱ्हाइकाला वाटतं काहीतरी झालं. डिस्ट्रिब्युटर मात्र गाडीवरून उतरवावा लागतो, टेबलावर उघडावा लागतो, आणि उघडल्यावर काय बघायचं ते माहीत असावं लागतं.

आमच्याकडे माळव्यात तर त्याचे हाल जास्तच. काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक असते, ती टोपीच्या आत जातेच. पावसाळ्यात दमट हवा. टोपीच्या आतून ओलावा धरला की करंट प्लगकडे जायचं सोडून टोपीच्या भिंतीवरून सरपटत पळवाट शोधतो. तिथे हळूहळू पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ उमटते. ती एकदा उमटली की टोपी फेकायची, पुसून काही जात नाही.

ही रेघ मी पहिल्यांदा पाहिली ती मांडवच्या रस्त्यावर. बाबा धारला वकिली करायचे. धारला तेव्हा रेल्वे नव्हती. कुठे जायचं तर बस, नाहीतर महू-इंदूरपर्यंत कुणाची गाडी. म्हणून १९७९ साली बाबांनी इंदूरला बदलून गेलेल्या एका डॉक्टरांकडून १९६७ची मार्क टू अँबेसेडर घेतली. श्रावणात मांडवला एक फेरी ठरलेली. पस्तीस किलोमीटर. काकडा खोपाशी धुकं असं उतरायचं की बॉनेटपुढचं दिसायचं नाही, आणि नेमकी तिथेच गाडी खोकून बंद पडायची. बाबा टोपीच्या दोन्ही क्लिपा उघडून ती आईच्या हातात द्यायचे. आई पदराने आतून-बाहेरून कोरडी करून परत द्यायची. मग गाडी सुरू. आम्ही पोरं तेवढ्या वेळात भुट्टे खाऊन घ्यायचो. आईच्या दोन-तीन लुगड्यांच्या पदरांना काजळीचे डाग होते, ती म्हणायची हे मांडवचे डाग आहेत, जायचे नाहीत.

१९८६ साली मात्र टोपी पुसून भागेना. कोरड्या उन्हाळ्यातही गाडी मिस मारायला लागली. तीन ठिकाणी कार्बोरेटर उघडून झाला. शेवटी कुणीतरी बस स्टँडमागच्या एका उस्तादांचं नाव सांगितलं. पत्र्याची शेड, वर कडुनिंब, खाली तेलाने काळी झालेली जमीन. मी तेव्हा इंदूरला इंजिनीअरिंग शिकत होतो, त्यामुळे मला सगळं येतं असं माझं मत होतं. उस्तादांनी इंजिन सुरूही करायला सांगितलं नाही. टोपी काढली, रोटर दोन बोटांत धरला आणि दाताचा डॉक्टर हलणारा दात बघतो तसा हळूच इकडेतिकडे हलवला. मग रोटर थोडा फिरवून सोडून दिला, तो अर्धवट परत आला. बाबांकडे बघून म्हणाले, ‘वकीलसाब, कार्बोरेटर बेकसूर है. इसका तो करंट भटक रहा है.’

बाबांना ‘बेकसूर’ हा शब्द फार आवडला. ते वकील होते ना. पुढे वर्षानुवर्षं घरात कुणावर उगाच आळ आला की ते म्हणायचे, कार्बोरेटर बेकसूर है.

उस्तादांनी ते काम दोन दिवस केलं आणि मी दोन्ही दिवस तिथे बसून होतो. जे पाहिलं ते लिहितो, कारण आता हे बघायला मिळत नाही.

आधी त्यांनी रोटरचं तोंड कुठे आहे ते पाहून बॉडीवर छिन्नीने एक बारीक खूण केली आणि मला दम दिला की आता इंजिन कुणी फिरवायचं नाही. मग डिस्ट्रिब्युटर वर खेचून काढला. खालच्या टोकाला इंजिनात अडकणारा दोन दातांचा तुकडा असतो, तो मधोमध नसतो, जरा एका बाजूला सरकलेला असतो. हेतू हा की तो उलटा बसूच नये. पण हा तुकडा शाफ्टवर ज्या पिनने धरलेला असतो ती पिन काढून परत घालताना तुकडा उलटा लागला, तर सगळं टायमिंग अर्ध्या फेऱ्याने चुकतं आणि माणूस वेडा व्हायची वेळ येते. म्हणून तिथेही खूण. पिनेचं चेपलेलं डोकं कानशीने घासून पंचने ती बाहेर काढली. आतून शाफ्ट निघाला. बुश जिथे होता तिथे शाफ्टवर एक चकचकीत पट्टा पडला होता. उस्तादांनी नखाने तो दाखवला. नख अडकत नव्हतं, म्हणजे शाफ्ट वाचला होता, बुशानेच जीव दिला होता.

शाफ्टच्या वरच्या भागात दोन वजनं आणि दोन स्प्रिंगा असतात. इंजिन जोरात फिरायला लागलं की वजनं बाहेर फेकली जातात आणि ठिणगी थोडी अलीकडे आणतात. जेवणाऱ्यांचा वेग वाढला की वाढप्याला आधीच निघावं लागतं, तसं. त्या दोन स्प्रिंगा एकसारख्या नसतात, हे मला माझ्या पुस्तकाने सांगितलं नव्हतं. एक नाजूक, ती पहिल्यापासून ताणलेली. दुसरी जाड नि जरा सैल, ती नंतर कामाला येते. तिथे खाली एक आकडाही कोरलेला असतो, जास्तीत जास्त किती अंश पुढे जायचं तो. प्रत्येक इंजिनाचा हा हिशेब वेगळा. उस्ताद म्हणाले, लोक इथे बॉलपेनची स्प्रिंग घालतात. मला तेव्हा ती थट्टा वाटली. पुढे मी स्वतः एका डिस्ट्रिब्युटरमधून बॉलपेनची स्प्रिंग काढली.

बाजूला व्हॅक्यूमचा डबा. त्याच्या नळीला तोंड लावून उस्तादांनी हवा ओढली आणि जीभ लावून धरून ठेवली. आतली पाटी थोडी फिरली नि तिथेच राहिली. पाटी परत सरकली असती तर पडदा फाटला होता असं समजायचं. तो फाटला की ॲव्हरेज पडतं आणि पुन्हा बोल कार्बोरेटरला. शेवटी त्यांनी आतली केसांच्या वेणीसारखी विणलेली एक बारीक तार दाखवली. पॉईंटची पाटी बॉडीला जोडणारी अर्थची तार. पाटी हलते तशी ही दिवसातून हजारदा वाकते आणि आतून तुटते. वरून धड दिसते. ‘आधे मरीज इसके होते हैं,’ उस्ताद म्हणाले.

नवा बुश धारला मिळणार नव्हता. कारखान्यातून जो बुश येतो तो सच्छिद्र धातूचा असतो. तो एक दिवसभर इंजिन ऑइलमध्ये भिजत ठेवायचा आणि मग दाबून बसवायचा. त्यात रीमर फिरवायचा नसतो, छिद्रं बुजतात आणि मग तो तेल पीत नाही. उस्तादांनी शेजारच्या लेथवाल्याकडून गनमेटलच्या तुकड्यातून बुश कातून घेतला आणि आत तेलासाठी एक बारीक खाच पाडली. शाफ्ट घातला, हलवून बघितला, पुन्हा काढला, पुन्हा घातला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडीवर बसवून टायमिंग लावलं. गाडी सुरू झाल्यावर त्यांनी बॉनेटवर पाण्याने भरलेला काचेचा ग्लास ठेवला. पाणी जरासं शहारत होतं, तेवढंच.

निघताना बाबांना नाही, मला म्हणाले, ‘इंजीनियर साब, ये बुश प्यासा है. कंपनी वाला तेल पीकर आता है, मेरा वाला नहीं. हर महीने दो बूंद. भूलना मत.’

तो बुश सतरा वर्षं टिकला. पहिली दहा वर्षं मी दर महिन्याला रोटर काढून खाली दोन थेंब टाकत होतो. मग नोकरीसाठी देवासला आलो, संसार, मुलांच्या शाळा. धारला महिन्याऐवजी सणावारी जाणं होऊ लागलं. बाबांना वाकून रोटर काढणं जमत नव्हतं आणि मला लक्षात राहत नव्हतं. उस्ताद मधल्या काळात वारले. २००३च्या सुमारास गाडी पुन्हा मिस मारायला लागली.

तेव्हा मी काय केलं? जे इथल्या सगळ्यांनी केलं तेच. गाडी इंदूरच्या एका मोठ्या गॅरेजमध्ये पाठवली. त्यांनी कार्बोरेटर बदलला. मग हेड उतरवलं. मग रिंगा. मग ‘काका, डिस्ट्रिब्युटर पण जुना आहे, नवीन टाकून देऊ’ म्हणून बाजारातला नवा कोरा डिस्ट्रिब्युटर टाकला आणि जुना पिशवीत घालून बाबांच्या हाती दिला. नवा बसला व्यवस्थित, पण त्यातल्या स्प्रिंगा आणि वजनं कुठल्या इंजिनाच्या हिशेबाची होती देव जाणे. सपाटीवर गाडी धावायची, चढावर खडखड नॉकिंग करायची. पुन्हा गॅरेज. अठ्ठावीस हजार रुपये गेल्यावर बाबा म्हणाले, पुरे. २००५ साली गाडी अकरा हजाराला भंगारात गेली. टेम्पोच्या मागे दोर बांधून ती ओढून नेली तेव्हा बाबा ओसरीवर आले नाहीत, आतच बसले.

गॅरेजवर माझा राग नाही. त्यांनी त्यांना येत होतं ते केलं. राग माझा माझ्यावर आहे. ज्याने दोन दिवस बसून सगळं पाहिलं होतं, ज्याला दाताच्या डॉक्टरसारखं दोन बोटांनी हलवून बघणं माहीत होतं, त्याने बॉनेट उघडून टोपी काढून बघायलाही फुरसत काढली नाही. पाच मिनिटांचं काम होतं.

बाबा गेल्यावर २०११ साली त्यांच्या कपाटात ती पिशवी सापडली. शाफ्ट हलवून पाहिला. डुलत होता. आत सगळं कोरडं ठणठणीत. बॉडीवर उस्तादांची छिन्नीची खूण तशीच.

आता वादाच्या मुद्द्याकडे येतो, कारण मला माहीत आहे खाली लगेच कुणीतरी लिहिणार, ‘काका, पॉईंट कशाला, इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावा, झंझट खल्लास.’ लावा ना. रोज चालवायची गाडी असेल तर मी स्वतः लावायला सांगेन. पॉईंट जळत नाहीत, गॅप बघावी लागत नाही. पण मंडळी, तो इलेक्ट्रॉनिक तुकडा बसतो कुठे? त्याच डिस्ट्रिब्युटरच्या आत. त्याच शाफ्टवर. बुश डुलत असेल तर तो झिंगलेल्या वाढप्याला नवं धोतर नेसवल्यासारखं आहे. स्प्रिंगा लोंबल्या असतील, व्हॅक्यूमचा पडदा फाटला असेल, तर इलेक्ट्रॉनिक लावूनही ते तसंच राहणार. आधी बुश, मग बाकीचं. याबाबत मी तडजोड करणार नाही.

नवे सुटे भाग हा दुसरा वाद. नवा तो चांगला, असा आपला एक समज आहे. माझा अनुभव उलटा आहे. आज बाजारात मिळणारे काही कंडेन्सर महिनाभरात मरतात, काही रोटर गरम झाले की आतल्या रिव्हेटमधून करंट थेट शाफ्टला देतात. गाडी थंड असताना ठीक आणि दहा किलोमीटरवर बंद. त्यामुळे गाडीवर जुना चालू कंडेन्सर असेल तर ‘सर्व्हिसिंग करतोच आहोत तर बदलून टाकू’ म्हणून तो फेकू नका. नवा लावलात तरी जुना डिकीत ठेवा. घरातल्या मंडळींना कचरा वाटला तरी ठेवा.

तिसरी गोष्ट आपल्या सगळ्यांची. आपल्याला आपल्या गावांच्या मोटारींचा फार अभिमान. ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली देवास थोरल्या पातीच्या महाराजांचा खाजगी सचिव होता, तेव्हा बागा, टेनिसची मैदानं, पाहुणेघर, विजेचं घर यांच्या जोडीला दरबारच्या मोटारी बघणं हेही त्याच्या कामात होतं. शंभर वर्षांपूर्वी आपल्या टेकडीखाली मोटार सांभाळणं हे दरबारी काम मानलं जायचं, हे आपण पाहुण्यांना कौतुकाने सांगतो. धार जिल्ह्यातल्या पिथमपूरला हिंदुस्तान मोटर्सचा इसुझू इंजिनांचा कारखाना होता, हेही सांगतो. तिथेच जून २०२१मध्ये गाड्या तपासायचा ११.३ किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक सुरू झाला, तेव्हा या ग्रुपवर किती अभिनंदनं झाली! आणि त्याच जिल्ह्यात मला एक बुश बसवून देणारा माणूस शोधायला तीन आठवडे लागले. शेवटी देवासला पंपाच्या सुट्या भागांचं काम करणारा एक लेथवाला तयार झाला, तोही ‘इतक्या बारीक कामाला वेळ कोण देतं’ असं म्हणत.

आपण फोटो जपतो. गाडी विकतो, आणि मग गाडीपुढे काढलेल्या फोटोखाली उसासे टाकतो. मला हे बरं वाटत नाही, म्हणून स्पष्ट लिहितोय.

अजून एक. ‘पंधरा वर्षं झाली की गाडी सरकार भंगारात घालतं’ असं बऱ्याच घरांत धरून चाललेत आणि त्या भीतीने चांगल्या गाड्या कवडीमोलाने जातायत. दिल्लीच्या आसपासचं सोडा, तिकडचा प्रकार वेगळा आहे. आपल्याकडे खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळतं. फी वाढली आहे, हे खरं. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली गाडी असेल तर २०२१च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणूनही नोंदवता येते, तिला ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर मिळतो. मात्र अशी गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर. तेव्हा काय हवंय ते आधी ठरवा. तपासणीला जाण्यापूर्वी डिस्ट्रिब्युटर बघून घ्या, कारण धुरात जे न जळलेलं पेट्रोल सापडतं त्यातलं बरंचसं चुकलेल्या ठिणग्यांचं असतं.

आणि ज्यांनी सत्तर-ऐंशीच्या दशकात पेट्रोल परवडेना म्हणून अँबेसेडरला किंवा जीपला डिझेल इंजिन बसवून घेतलं, त्यांच्या माळ्यावर, कोठारात, जुन्या ट्रंकेत मूळ पेट्रोल इंजिनाचा डिस्ट्रिब्युटर हमखास पडलेला असणार. डिझेलला तो लागतच नाही, म्हणून काढून ठेवलेला. रद्दीवाला ॲल्युमिनियमच्या भावाने नेईल. देऊ नका. टोपी फुटलेली असली तरी देऊ नका, बॉडी, शाफ्ट, वजनं आणि त्या दोन स्प्रिंगा सोन्यासारख्या आहेत. मला कळवा. मला विकत नकोत. ज्यांच्या गाड्या अजून उभ्या आहेत त्यांच्यापर्यंत पोचवायच्या आहेत. धार-देवासमध्ये अशा गाड्या किती उरल्या आहेत त्याची यादी मी करतोय. आजवर अकरा सापडल्या, त्यातल्या चारच चालू आहेत. उरलेल्या सातांपैकी पाचांच्या मालकांनी मला सांगितलं, कार्बोरेटर खराब आहे.

तर बाबांच्या डिस्ट्रिब्युटरचं पुढे काय झालं. २०१९ला निवृत्त झाल्यावर मी तो टेबलावर उघडला. या वेळी सच्छिद्र बुश मिळाला, तो रात्रंदिवस तेलात भिजवला. अर्थची तार नवी विणून लावली, पॉईंट बदलले. स्प्रिंगा, वजनं, कॅम सगळं जुनंच. गाडी मात्र नव्हती. देवासचे एक स्नेही आहेत, त्यांच्या वडिलांची १९७४ची अँबेसेडर सात वर्षं शेडमध्ये उभी होती. निदान अर्थातच कार्बोरेटर. त्यांच्या डिस्ट्रिब्युटरचा शाफ्टच इतका खाल्लेला होता की त्याचं काही होण्यासारखं नव्हतं. मी बाबांचा बसवला. स्ट्रोब लाइट धरून पाहिलं, पुलीवरची खूण एका जागी खिळल्यासारखी उभी राहिली. स्नेही म्हणाले, हे माझ्या गाडीत राहिलं तर चालेल का? मी म्हटलं, आता काढायचंच नाही.

पुढच्या श्रावणात आम्ही ती गाडी देवासहून मांडवला नेली. काकडा खोपाशी धुकं होतंच. मी मुद्दाम गाडी बंद करायला लावली, दहा मिनिटं थांबलो, भुट्टे घेतले. पहिल्या सेल्फला सुरू झाली. पुसायला कुणाचा पदर लागला नाही. स्नेही विचारत होते, इतके गप्प का झालात?

त्यांची नात आठवीत आहे. रोटर काढून खाली दोन थेंब टाकायचं काम तिच्याकडे दिलंय. बुश कंपनीचा आहे, तेल पिऊन आलेला, त्याला दर महिन्याची गरज नाही असं मी तिला सांगून पाहिलं. पण तिने कॅलेंडरवर दर एक तारखेला खूण करून ठेवलीय. तेल टाकून झालं की मला फोटो पाठवते.